बेळगावच्या खानापूर रोडला फॅब्रिकेशनचं दुकान टाकतोय, आधी कुठलं वेल्डिंग मशीन घ्यावं?

जांबोटीरोड
नमस्कार मंडळी. आयटीआयला वेल्डर ट्रेड झालाय, नंतर उद्यमबागेत एका शॉपमध्ये कामाला होतो. आता पिरनवाडीच्या पुढं, मच्छेच्या अलीकडं रस्त्याला लागून चुलत्यांचा गाळा मोकळा आहे. तिथं स्वतःचं दुकान टाकूलालो. कामं येणार ती अशी: गेट, ग्रील, पत्र्याचे शेड, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, रोटाव्हेटरची दुरुस्ती. शहरातनं बंगल्याच्या स्टीलच्या रेलिंगचीही विचारणा आहे.

पैसे एकाच चांगल्या मशीनपुरते आहेत. विकणारा म्हणतो मिग घे (तार आपोआप पुढं येते ते मशीन), रॉडचा जमाना गेला. चुलते म्हणतात तांब्याच्या वायंडिंगचा जुना ट्रान्सफॉर्मर घे, जन्माला पुरेल. आयटीआयमध्ये सगळे प्रकार शिकवले, पण कुठल्या कामाला काय हे बाजारात उतरल्यावर वेगळंच दिसतंय. जाणकारांनी सांगा.

गोवावेसचा
मिग घे भावा. घोडा दाबला की काम झालं. कांडी, म्हणजे रॉड, बदलायची कटकट नाही, खपली काढायची कटकट नाही.

उद्यमबागेतला
घोडा दाबला की काम झालं म्हणणारा ज्याच्याकडं काम करतो, त्यानं शेड बंदिस्त केलेलं असतं, हे ध्यानात घे.

जांबोटीरोड, मशीन कुठलं हा प्रश्न शेवटी येतो. आधी तीन गोष्टी बघ. धातू कुठला आणि किती जाड, काम आत होणार की उघड्यावर, आणि गाळ्यात वीज कशी येते. तुझ्या यादीतलं निम्मं काम गिऱ्हाइकाच्या दारात किंवा शेतात जाऊन करायचं आहे. शेडची कैची, म्हणजे छताचा त्रिकोणी सांगाडा, वर चढवल्यावर जोड वरच मारावा लागतो. तिथं वारा असतो, लोखंडाला गंज असतो, जुना रंग असतो. असल्या कामाला रॉडचं वेल्डिंगच. रॉडवरच्या लेपाचा वितळताना गॅस होतो आणि वर खपली बसते, म्हणून वितळलेल्या धातूला हवा लागत नाही. बाहेरून सिलिंडर आणायला नको, वाऱ्याची भीतीही कमी.

आता मशीन. चुलत्यांच्या ट्रान्सफॉर्मरला नावं ठेवत नाही, तो खरंच जन्माला पुरतो. पण तो एसी देतो, उचलायला दोन माणसं लागतात आणि वीज भरपूर ओढतो. दोनशे अँपिअरचं सिंगल फेज इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन खांद्याला अडकवून गच्चीवर नेता येतं, डीसी मिळतं, आर्क, म्हणजे कांडी आणि लोखंडामधली विजेची ज्योत, गुळगुळीत चालतो. इन्व्हर्टरची खोड एकच. ग्राइंडरची लोखंडी धूळ आत ओढली की कार्ड जातं. ग्राइंडिंगच्या जागेपासून लांब ठेवायचं आणि अधूनमधून हवा मारायची.

कांडीचं म्हणशील तर १८ गेजच्या चौकोनी नळीला, म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीला, बारा नंबरची अडीच मिलिमीटरची कांडी ६०-७० अँपिअरवर. पाच-सहा मिलिमीटरच्या अँगलला दहा नंबर, म्हणजे ३.१५ ची, १००-१२० वर. आठ नंबरची ४ मिलिमीटरची कांडी दीडशेच्या पुढं मागते, ती रोज लागत नाही. ग्रील-गेटला ६०१३ जातीची कांडी पुरते. आर्क पटकन धरते, खपली सहज सुटते, शिकाऊ पोराच्या हातातही चालते.

गोवावेसचा
मान्य आहे काका, पण गेट-ग्रीलच्या दुकानात दिवसभर बारीक नळी जोडायची म्हटलं तर मिगचा वेग बघा की. रॉडवाला एक गेट उरकेपर्यंत मिगवाल्याची दोन होतात.

उद्यमबागेतला
होतात. गाळ्यात आत बसून एकसारखी पन्नास ग्रील करायची असतील तर मिगच, त्यात वाद नाही. आपल्याकडं सगळे सीओटू वेल्डिंग म्हणतात ते हेच. तार रिळातनं आपोआप पुढं येते, भोवती कार्बन डायऑक्साइडचं किंवा आर्गन मिसळलेल्या गॅसचं कवच. ट्रॉलीचे चासी, हायड्रॉलिक सिलिंडरचे कान, ऑटोच्या बॉड्या, सगळं त्यावर चालतं. पण जून लागला की आपल्याकडचा वारा तुला माहीत आहे. शटर उघडं ठेवून मिग मारलंस तर गॅस उडून जातो आणि जोडात सगळी छिद्रं. शटर बंद केलंस तर धूर तुझ्याच छातीत.

वेल्डतपासणी
मी एका हायड्रॉलिक युनिटमध्ये वेल्डची तपासणी करते. मिगबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून लिहिते.

मिगचा जोड दिसायला सुंदर येतो आणि आतून चिकटलेलाच नसतो, असं घडू शकतं. कमी करंटवर तार टेकत-टेकत वितळते. पातळ पत्र्याला ते छान, कारण पत्रा फुटत नाही. तीच सेटिंग ठेवून ८ मिलिमीटरच्या प्लेटवर मारलं, तर धातू वर नुसता बसतो, खालच्या प्लेटला वितळवत नाही. रॉडमध्ये करंट कमी पडला तर कांडी चिकटते, जोड वेडावाकडा येतो, म्हणजे चूक लगेच दिसते. मिग ती झाकून टाकतं.

यावर एक परीक्षा आहे, हिला ना मशीन लागतं ना प्रयोगशाळा. एका प्लेटवर दुसरी उभी ठेवून इंग्रजी टी करायचा. एकाच बाजूनं वेल्ड मारायचं, दुसरी बाजू मोकळी. गार झालं की वाइसमध्ये धरून उभी प्लेट वेल्डच्या बाजूला हातोड्यानं पाडायची, म्हणजे मूळ उघडं पडतं. वाकूनही तुटली नाही तर उत्तम. तुटली तर मुळाशी बघायचं. उभ्या प्लेटची कापलेली धार आहे तशी धारदार, करवतीच्या खुणांसकट दिसत असेल, तर तिथं उष्णता पोचलीच नव्हती. धार वितळून गेलेली आणि तुटलेला भाग खडबडीत राखाडी दिसला तर जोड खरा लागला होता. नवीन मशीन, नवीन तार, नवीन पोरगा, काहीही बदललं की हे करून बघावं. दहा मिनिटांचं काम आहे.

जांबोटीरोड
ताई, हे आयटीआयत एकदाच दाखवलं होतं, नंतर कुठल्याच शॉपमध्ये कोणी केलेलं बघितलं नाही. उद्याच करतो.

ट्रॉलीच्या हुकाला काय वापरावं? आमच्या भागात सगळे ६०१३ च मारतात.

मिलफिटर
सगळे मारतात म्हणूनच ऊस भरलेल्या ट्रॉल्या चढावर सुटतात.

मी संकेश्वर भागात साखर कारखान्यात होतो, आता निवृत्त. हुकाला ६०१३ लावू नये असं माझं ठाम मत आहे. हुक बहुधा घडवलेल्या, जास्त कार्बनच्या पोलादाचा असतो. त्याला ७०१८ लागते. नंबराचा अर्थ सांगतो: पहिले दोन आकडे म्हणजे जोडाची ताणशक्ती, हजार पौंड प्रति चौरस इंचात. म्हणजे ७०१८ ला ७० हजार. पण खरा फरक ताकदीचा नाही, हायड्रोजनचा आहे. ६०१३ च्या लेपात ओलसरपणा असतो, त्यातून हायड्रोजन जोडात जातो. साध्या अँगलला त्याचं काही वाटत नाही. कडक पोलादात मात्र तो वेल्डच्या कडेला साठतो आणि जोड गार झाल्यावर, कधी दुसऱ्या दिवशीसुद्धा, तडा जातो. संध्याकाळी बघितलं तेव्हा ठणठणीत, सकाळी केसाएवढी रेघ.

७०१८ चा लेप कमी हायड्रोजनचा, पण ती कोरडी असेल तरच. आणि तुमच्या खानापूर-जांबोटीकडं चार महिने पाऊस कोसळतो, तिथं उघडं पाकीट दुकानात ठेवलं तर ७०१८ ही नावालाच ७०१८ राहते. ओली झालेली कांडी ३०० ते ३५० अंशांवर तासभर भाजावी लागते. नंतर शंभर-दीडशे अंशांच्या हॉट बॉक्समध्ये ठेवायची आणि हवी तेवढीच बाहेर काढायची. उन्हात वाळवून किंवा मशीनच्या बॉडीवर ठेवून काही होत नाही. ते फक्त मनाचं समाधान.

हुकाला मारताना जाड भाग आधी गॅसनं शंभर-दीडशे अंशांपर्यंत तापवून घे. एका दमात थर चढवू नको, थरावर थर, प्रत्येक वेळी खपली साफ. झालं की पाणी ओतायचं नाही. पाणी ओतून चुर्र आवाज काढायची पोरांना फार हौस. त्यानं पोलाद कडक होऊन ठिसूळ होतं.

गोवावेसचा
काका, कारखान्यात ते रोलर फिरत असताना वेल्डिंग करतात म्हणे, खरं काय?

मिलफिटर
खरं. त्याला आर्किंग म्हणतात. उसाच्या मिलचा रोलर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो, त्याला खाचा असतात. गाळप चालू झालं की दातांची टोकं गुळगुळीत होतात आणि ऊस धरेनासा होतो, घसरतो. म्हणून दातांच्या टोकांवर आणि बाजूंवर कठीण धातूचे ठिपके टाकायचे, ज्वारीच्या दाण्यांएवढे, खडबडीत. मिल चालू, वरून रस वाहतोय, रोलर सावकाश फिरतोय आणि वेल्डर फळीवर उभा राहून ठिपके टाकत चाललाय. कांडी खास त्याचसाठीची असते, ओल्या रसातही आर्क धरणारी. यात जोडण्याचा संबंधच नाही. हे हार्डफेसिंग, वेल्डिंगचाच प्रकार, पण काम झिजेविरुद्ध.

अर्थिंग कुठं लावायचं यावर तिथं फार लक्ष. फ्रेमला अर्थ लावला तर करंट रोलरमधून बेअरिंगमधून फ्रेमकडं जातो आणि बेअरिंगला डाग पडतात. म्हणून थेट शाफ्टवर घासणारं अर्थिंग देतात. हाच नियम तुझ्या रोटाव्हेटरला, ट्रॅक्टरला. जिथं वेल्ड तिथंच शेजारी अर्थ. ट्रॅक्टरवर काही मारायचं तर आधी बॅटरीची वायर सोडायची, नाहीतर अल्टरनेटर जातो.

रोटाव्हेटरच्या पात्यांना, नांगराच्या फाळाला हार्डफेसिंग करून देणारं दुकान तुमच्या बाजूला कमी असेल. चांगला धंदा आहे. फक्त फाळाच्या धारेला पूर्ण मढवू नको. एका बाजूनंच थर दे, मऊ बाजू आधी झिजते आणि धार आपोआप राहते.

अथणीकरशेतकरी
नमस्कार. धागा वाचूलालो. आमच्या गुऱ्हाळाच्या चरकाच्या गिअरचा दात तुटलाय, बिडाचा आहे. गावातल्या वेल्डरनं रॉडनं भरून दिला, दोन दिवस चालला न् पुन्हा तिथनंच शेजारी तडकला. बीड जुळतच नाही काय?

मच्छेफौंड्री
जुळतं, पण साध्या कांडीनं नाही. आमचा सगळा भाग फौंड्रीचा, बेळगाव काय आणि कोल्हापूर-शिरोली काय, तरी बिडाचं वेल्डिंग नीट करणारा माणूस शोधावा लागतो.

बिडात कार्बन दोन टक्क्यांच्या वर, बहुतेक तीन-साडेतीन. साध्या लोखंडी कांडीनं वेल्ड केलं की तो कार्बन जोडात येतो, वेल्डच्या कडेचा पट्टा झपाट्यानं गार होतो आणि तिथं पांढरं बीड तयार होतं. काचेला चरा पडेल इतकं कडक आणि तितकंच ठिसूळ. कानस त्यावर नुसती घसरते. तुमचा दात शेजारून तडकला तो याच पट्ट्यातनं.

यावर निकेलची कांडी वापरतात, शुद्ध निकेलची किंवा निकेल-लोखंडाची. महाग आहे, पण निकेल मऊ राहतं, आकसताना ताणलं जातं. पद्धतही वेगळी. दोन-तीन सेंटिमीटरचाच तुकडा मारायचा, लगेच छोट्या हातोडीनं हलके ठोके द्यायचे म्हणजे आकसण्याचा ताण निघतो, मग हाताला सोसेल इतकं गार होऊ द्यायचं, मग पुढचा तुकडा. घाई करणारा इथं संपला. तडा असेल तर आधी त्याच्या दोन्ही टोकांना भोक पाडायचं, नाहीतर मारता-मारता तडा पुढं पळतो. लहान वस्तू असेल तर दुसरा रस्ता: सगळी वस्तू भट्टीत लाल होईपर्यंत तापवून गॅसनं बिडाच्याच सळईनं भरायची आणि राखेत किंवा चुन्यात पुरून सावकाश गार करायची.

पण गिअरच्या दाताबद्दल खरं सांगू का? भार सगळा त्या दातावर येतो. नवा गिअर ओतून घ्या. पॅटर्न जुन्यावरनं निघतो. वेल्डिंग पंपाच्या बॉडीला, पायाला, झाकणाला करावं.

अथणीकरशेतकरी
बरं झालं विचारलं. जुना गिअर घेऊन येतो मग बेळगावला.

निपाणीएसएस
रेलिंगचा विषय सुटला म्हणून लिहितो. आमचं हॉटेल किचन, डेअरीची टाकी, रेलिंग असं स्टेनलेसचं काम आहे, सगळं टिगवर.

टिगमध्ये टंगस्टनची सुई वितळत नाही, ३४०० अंशांच्या वर तिचा वितळणबिंदू. ती फक्त आर्क देते, भरायची तार दुसऱ्या हातानं घालायची, कवच आर्गनचं. सावकाश काम, पण ठिणगी उडत नाही, खपली नाही, जोड स्वच्छ. पातळ स्टेनलेसला याला तोड नाही. तुझ्या २०० अँपिअरच्या डीसी इन्व्हर्टरवर टॉर्च आणि आर्गन जोडून टिग चालतं, अशी मशीन मिळतात. तेव्हा वेगळं टिग मशीन आत्ता घेऊ नको.

अॅल्युमिनियम मात्र त्यावर नाही होणार. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजारांच्या पुढं. डीसीवर खालचा धातू पाणी होतो, वरची साय तशीच. तिथं एसी टिग लागतं, करंटची उलटी फेरी तो पापुद्रा उडवते. ते मशीन महाग. अॅल्युमिनियमचं काम आलं तर सध्या बाहेर दे.

रेलिंगमध्ये फसवणूक धातूतच असते. गिऱ्हाईक ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसचा भाव ऐकून स्वस्त २०२ ग्रेड मागतं, मग दोन पावसाळ्यांत गंजाचे ठिपके आले की वेल्डरला धरतं. चुंबक लावून २०२ की ३०४ ते कळत नाही, दोन्हींना चुंबक सहसा लागत नाही. बिलावर ग्रेड लिहून दे, एवढंच. ३०४ ला ३०८एलची तार. स्टेनलेस साध्या लोखंडाला जोडायचं असेल तर ३०९एल. आणि लोखंडावर वापरलेला ग्राइंडिंग व्हील, तारेचा ब्रश स्टेनलेसला लावायचा नाही. लोखंडाचे कण रुततात आणि तिथंच गंज धरतो. जोडाशेजारी निळा-तपकिरी रंग येतो तो पिकलिंग पेस्टनं काढायचा. ती पेस्ट अॅसिडची आहे, रबरी हातमोजे घालूनच.

दुधाच्या पाइपलाइनला आतून पण आर्गन सोडावा लागतो. नाहीतर आतल्या बाजूनं जोड काळा आणि खवल्यांचा येतो, तिथं दूध अडकून सडतं. हे काम नवीन माणसानं घेऊ नये.

लोंडाजंक्शन
मी वेल्डर नव्हे, रेल्वेच्या ट्रॅकवर असतो. रूळ कसे जोडतात ते कुणी लिहिलं नाही. मिरज-बेळगाव-लोंडा मार्गावर रात्री ब्लॉक घेऊन, म्हणजे गाड्या थांबवून, काम चालतं ते थर्मिट वेल्डिंग. अॅल्युमिनियमची भुकटी आणि लोहाचा ऑक्साइड कुंडीत घालून पेटवायचं. वीज नाही, गॅस फक्त रूळ तापवायला. अॅल्युमिनियम ऑक्सिजन ओढून घेतं आणि वितळलेलं पोलाद खाली रुळांच्या फटीभोवतीच्या साच्यात उतरतं. हान्स गोल्डश्मिट नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञानं १८९५ मध्ये याचं पेटंट घेतलं होतं. कुंडी ओली असली तर वाफ होऊन वितळलेला रस उडतो, म्हणून पावसात आमची फार तारांबळ.

कारखान्यात लांब रूळ जोडताना मात्र फ्लॅश बट. दोन टोकं जवळ आणून प्रचंड करंट सोडायचा, टोकं लाल झाली की दाबायचं. भरण्याची सळई वगैरे काही नाही.

वेल्डतपासणी
त्याच घराण्यातलं स्पॉट वेल्डिंग. दोन पत्रे तांब्याच्या टोकांमध्ये दाबून करंट सोडायचा, जिथं पत्र्याला पत्रा टेकतो तिथं रोध जास्त म्हणून तिथंच वितळतं. मोटारीच्या बॉडीवर असे हजारो ठिपके असतात. कपाटं, पॅनेल बॉक्स करायचे असतील तर पायाचं स्पॉट मशीन उपयोगी.

आमच्याकडं पिस्टन रॉडला कान जोडायला फ्रिक्शन वेल्डिंगही होतं. एक तुकडा गरगर फिरवून दुसऱ्यावर दाबायचा, घर्षणानंच तापतो, मग फिरणं थांबवून जोरात रेटायचं. धातू पुरा वितळत नाही, भाकरीच्या कणकेसारखा मऊ होतो. बाहेर कॉलर निघते, ती लेथवर काढतात. आणि जाड प्लेटच्या टाक्या, मोठ्या व्यासाचे पाइप यांना सबमर्ज्ड आर्क, फ्लक्सच्या, म्हणजे जोडाला कवच देणाऱ्या भुकटीखाली आर्क जळतो, बाहेर उजेडसुद्धा दिसत नाही. हे दोन्ही तुझ्या दुकानाचे विषय नव्हेत, पण तूच सगळे प्रकार विचारलेस.

जांबोटीरोड
सगळ्यांचे आभार. एक शंका. गॅसचा सेट घ्यावाच लागेल ना? आणि अॅसिटिलीनऐवजी एलपीजी चालतो का?

उद्यमबागेतला
कापायला एलपीजी उत्तम आणि स्वस्त. लोखंड वेल्ड करायला नाही. ऑक्सिजन-अॅसिटिलीनची ज्योत तीन हजार अंशांच्या पुढं जाते आणि आतल्या शंकूभोवती वितळलेल्या धातूला सांभाळते, एलपीजीला ते जमत नाही. पितळी झाळ मात्र एलपीजीवर होते. तांब्याच्या नळ्या, कार्बाइडचं टूल, तुटलेलं सायकलचं लग, हे झाळूनच नीट बसतं, कारण मूळ धातू वितळवायचा नसतो.

ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल-ग्रीस लावायचं नाही, कितीही घट्ट झाला तरी. अॅसिटिलीनचा सिलिंडर आडवा वापरायचा नाही, आत अॅसिटोन असतं ते बाहेर येतं. दाब एक किलोच्या आत. दोन्ही होजना उलट्या ज्योतीचा व्हॉल्व्ह बसव, तो न घेता सेट घेऊ नको.

मिलफिटर
अजून एक. बॉयलरचं काम कोणी घेऊन आलं, गुळाच्या कारखान्याचा का असेना, हात लावू नको. इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स १९५० खाली त्याला परीक्षा पास झालेला वेल्डर लागतो. डिझेलचा बॅरल, टँकरची टाकी, जुना ड्रम कापायलाही नाही. रिकामा ड्रम भरलेल्यापेक्षा वाईट, आत वाफ असते. एका गॅरेजमध्ये झाकण उडून छताला गेलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

गोवावेसचा
आणि आर्क लागल्यावर डोळ्यावर बटाट्याची फोड ठेवायची.

वेल्डतपासणी
बटाटा भाजीत घाला. आर्क लागतो म्हणजे बुबुळाचा वरचा थर अतिनील किरणांनी भाजतो. त्रास लगेच नाही, सहा-बारा तासांनी, बहुतेक मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेली की काय असं वाटतं, पाणी थांबत नाही. थंड पाण्याची पट्टी, काळोख, आणि सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडं. बटाटा, दूध, कसलाही रस डोळ्यात घालून जंतुसंसर्ग ओढवून घेऊ नये. रॉडच्या कामाला दहा-अकरा नंबरची काच. मदतनिसालाही द्या, टाका मारताना तोच बाजूला उभा असतो.

गॅल्व्हनाइज्ड पाइप जोडायचा असेल तर आधी जोडाजवळचं जस्त ग्राइंड करून काढायचं. जस्ताचा पांढरा धूर गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंगच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ मध्ये पहिल्या गटात, म्हणजे कर्करोगाचं कारण ठरलेल्या गोष्टींत घातलंय. एक पंखा धुराला तोंडापासून बाजूला ढकलेल असा लाव. पण मिग घेतलास की तोच पंखा गॅस उडवणार, तेव्हा त्याची दिशा बघून.

जांबोटीरोड
ठरलं. २०० अँपिअरचं इन्व्हर्टर, टिगची सोय असलेलं. ७०१८ साठी छोटा हॉट बॉक्स. कापायला एलपीजीचा सेट. मिग वर्षभरानं, ग्रीलची कामं वाढली तर. हार्डफेसिंगचं चुलत्यांना सांगितलं, ते लगेच तीन शेतकऱ्यांना बोलून पण आले.

एकच राहिलं. शेतावर वीज नसते तिथं जनरेटर किती केव्हीएचा लागेल? दुकानदार ३ चा दाखवूलालाय.

उद्यमबागेतला
तीनवर बारा नंबरची कांडीसुद्धा रडत चालेल. हिशोब कर. दहा नंबरच्या कांडीला ११० अँपिअर आणि आर्कवर साधारण २४ व्होल्ट, म्हणजे अडीच किलोवॅटच्या वर. मशीनची स्वतःची घट आणि पॉवर फॅक्टर धरला की जनरेटरकडं पाचच्या आसपास केव्हीएची मागणी जाते. थोडी सवड ठेवून साडेसातचा घे. आठ नंबरची कांडी शेतावर लावायची असेल तर दहाचा. मशीनच्या पाटीवर इनपुट केव्हीए लिहिलेलं असतं, ते दुकानदारासमोर वाचून बघ.

एक्स्टेन्शनची वायर जाड घे, चार स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची. पातळ वायरीची गुंडाळी तशीच ठेवून वेल्डिंग केलं तर ती तापते आणि व्होल्टेज पडतं, मग पोरं कांडीला दोष देतात.

निपाणीएसएस
आर्गनच्या सिलिंडरचं डिपॉझिट आधी विचारून घे रे. आणि पहिलं रेलिंग मिळालं की इथं फोटो टाक, जोड बघू.